बाई मोजली, पण कोणती बाई?

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जागतिक महिला दिनाच्या आपल्या पुरवणीत मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखपदी पोहोचलेल्या स्त्रियांचा परिचय करून देणारी दोन पाने होती. त्यांत लीना नायर यांचे छायाचित्र सर्वांत वर होते, आणि ते तिथेच असायला हवे होते. कोल्हापुरात जन्मलेली, होली क्रॉसमध्ये शिकलेली, सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेली ही मुलगी १९९२ साली जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या व्यवस्थापन संस्थेतून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडते, हिंदुस्थान लिव्हरमध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून लागते, तळोज्याच्या कारखान्यात काम करते, २०१६ मध्ये युनिलिव्हरच्या मनुष्यबळ विभागाची जगभरची प्रमुख होते, त्या पदावरची पहिली स्त्री आणि पहिली आशियाई व्यक्ती ठरते आणि जानेवारी २०२२ मध्ये शनेल या नामांकित कंपनीची सूत्रे हाती घेते, हे वाचून त्याच मनुष्यबळ विभागात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या बाईला अभिमान वाटला नसता तरच नवल.

लेखाचा शेवट मात्र ‘आता भारतीय स्त्रीला कंपनीतल्या कोणत्याही खुर्चीपासून कोणी रोखू शकत नाही’ अशा अर्थाचा होता. त्या वाक्यापाशी मी अडखळले. ‘भारतीय स्त्री’ म्हणजे नेमकी कोण, हा प्रश्न तिथे कोणाला पडलेला दिसला नाही.

माझी ओळख एवढीच, की कोल्हापूरच्या ‘सायबर’ संस्थेतून एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करून १९९० साली मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसमध्ये लागले आणि एकतीस वर्षांनी त्याच कंपनीतून उपव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. आमच्या विभागाचे नाव तेवढ्या काळात पर्सोनेलचे एचआर झाले. माझे वडील सुभाषनगरात पायताणे करत. पट्ट्यावरच्या बारीक वेण्या आई घालत असे. व्यापाऱ्याच्या वहीत जोड चढत ते वडिलांच्या नावावर. आईच्या वेण्या कोणत्याही वहीत कधी चढल्या नाहीत. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

लीना नायर किंवा इंद्रा नूयी यांच्याविषयी परदेशात लिहिले जाते तेव्हा त्यांचा उल्लेख ‘विमेन ऑफ कलर’ या वर्गात होतो. म्हणजे गोऱ्या नसलेल्या स्त्रिया. त्या समाजात त्यांना बाई असण्याची आणि गोरी नसण्याची अशी दोन ओझी एकाच वेळी वाहावी लागतात, आणि ती खरोखरच जड असतात. नूयी २००६ ते २०१८ अशी बारा वर्षे पेप्सिकोच्या प्रमुख होत्या. त्यांना बढती मिळाली त्या रात्री आईने आधी दूध आणायला पिटाळले, ही गोष्ट आपल्याकडे महिला दिनाचा प्रत्येक वक्ता सांगतो आणि सभागृह दरवर्षी तितक्याच उत्साहाने हसते. पण ही बाई विमानाने समुद्र ओलांडून मुंबईत उतरली, की तिचे दुसरे ओझे तिच्या खांद्यावरून उतरते. इथे रंगाचा प्रश्न नाही असे नाही. गोरेपणाचे क्रीम आपल्याकडे १९७५ पासून विकले जाते आणि त्याच्या नावातले ‘फेअर’ काढायला २०२० साल उजाडावे लागले. पण इथले दुसरे ओझे मुख्यतः जातीचे असते, आणि ते वाहणारी बाई आपल्या पुरवणीच्या दोन्ही पानांवर मला सापडली नाही. पुरवणी काढणाऱ्यांनी तिला मुद्दाम वगळले, असे मी म्हणत नाही. ती शोधायची कुठे, हे सांगणारा कागदच देशात नाही, हे माझे म्हणणे आहे.

अमेरिकेत तो कागद आहे. तिथे शंभर किंवा अधिक नोकर असलेल्या खासगी कंपनीला दरवर्षी सरकारकडे एक तक्ता भरून द्यावा लागतो. कोणत्या श्रेणीच्या पदावर किती पुरुष व किती स्त्रिया आणि त्या स्त्रियांपैकी कोणत्या वंशाच्या किती, असे त्याचे उभे-आडवे रकाने असतात. ही पद्धत १९६६ पासून चालू आहे. कंपन्यांना अशी नोंद ठेवण्याची सवय लागल्यामुळेच तिथल्या अभ्यासकांना आज नेमके बोलता येते. मॅकिन्सी ही सल्लागार कंपनी आणि लीन इन ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार तिथे शंभर पुरुषांना व्यवस्थापकपदाची पहिली बढती मिळते, तेव्हा ८१ स्त्रियांना मिळते. परंतु कृष्णवर्णीय स्त्रिया वेगळ्या काढल्या, तर हा आकडा ५४ वर येतो. सर्वोच्च पदांपैकी २९ टक्के स्त्रियांकडे आहेत. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांकडे त्या सर्व पदांपैकी अवघी ७ टक्के. नुसत्या ८१ वर थांबले असते, तर चित्र फार वाईट दिसले नसते. ५४ हा आकडा ८१ च्या पोटात दडलेला होता आणि तो रकाना आखल्यामुळे बाहेर आला.

एक स्त्री वर गेली की तिच्यामागून वाट मोकळी होते, ही समजूतही तिथल्या नोंदींनी खोटी ठरवली आहे. अर्सुला बर्न्स १९८० साली झेरॉक्समध्ये उन्हाळी प्रशिक्षणार्थी म्हणून आल्या आणि २००९ मध्ये त्याच कंपनीच्या प्रमुख झाल्या. फॉर्च्युन ५०० या तिथल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या यादीतील कंपनीची प्रमुख झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. त्यांनी २०१६ च्या अखेरीस ते पद सोडले. त्यानंतर त्या यादीतल्या कंपनीच्या कायम प्रमुखपदी कृष्णवर्णीय स्त्री पुन्हा दिसली ती २०२१ च्या मार्चमध्ये, रोझलिंड ब्रूअर यांच्या रूपाने. मधली चार वर्षे ती खुर्ची रिकामीच होती, असे म्हणायला हरकत नाही.

रकाना नसला म्हणजे काय होते, हेही अमेरिकेतच एका खटल्यात दिसले होते, आणि तो खटला आपल्याकडच्या प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याने एकदा तरी वाचावा असा आहे. एमा डीग्राफनरीड आणि तिच्या चार कृष्णवर्णीय सहकारी स्त्रियांनी जनरल मोटर्सवर दावा लावला. या कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतलेच नव्हते. पुढे मंदीत नोकरकपात आली तेव्हा ‘शेवटी आलेला आधी बाहेर’ हा नियम लावला गेला आणि १९७० नंतर लागलेल्या साऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नोकरी गेली. कंपनीने बाजू मांडली की आम्ही स्त्रियांना पूर्वीपासून नोकरी देतो. ते खरे होते. त्या कचेरीत काम करणाऱ्या गोऱ्या स्त्रिया होत्या. कृष्णवर्णीयांनाही देतो, हेही खरे होते. ते कारखान्यातले पुरुष होते. १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितले की स्त्री म्हणून तक्रार करा किंवा वंशाची म्हणून करा, दोन्हींची बेरीज करून तिसरा वर्ग काढता येणार नाही. किंबर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीने १९८९ साली या निकालाची चिरफाड करताना चौकातल्या अपघाताची उपमा दिली. आपल्याकडे त्याहून चपखल शब्द आहे: हद्द. दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर अपघात झाला, की पंचनामा कोणी करायचा यावर बोलणी चालू राहतात आणि जखमी माणूस रस्त्यावर पडून राहतो.

आपल्या कंपन्यांत ही हद्द कशी राखली जाते, ते मी मुलाखतींच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसून पाहिले आहे. एक प्रसंग सांगते. पदवीधर प्रशिक्षणार्थींची भरती होती. भुदरगड तालुक्यातल्या एका गावची, मेकॅनिकलमध्ये प्रथम श्रेणी मिळवलेली मुलगी समोर बसली होती. आडनाव गावावरून पडलेले, त्यामुळे त्यातून काही उलगडा होत नव्हता. साच्यातल्या वाळूच्या ओलाव्याचा कास्टिंगवर काय परिणाम होतो, या प्रश्नाचे उत्तर तिने आमच्या पॅनेलवरच्या एका साहेबांपेक्षा चांगले दिले. मग तांत्रिक प्रश्न संपले आणि दुसरे सुरू झाले. गाव कोणते, गावात घर कोणत्या बाजूला, पै-पावणे कुठले. मुलगी सरळपणे उत्तरे देत होती, पण कोणाचेच समाधान होईना. शेवटी एकाने अगदी सहज विचारले, “इंजिनिअरिंगला वर्षाला फी किती भरावी लागली?” तिने आकडा सांगितला. तो आकडा इतका लहान होता की पुढे काही विचारण्याची गरजच उरली नाही. टेबलाच्या या बाजूला सगळ्यांच्या पाठी एकदम खुर्चीला टेकल्या. ती बाहेर गेल्यावर एकजण म्हणाले, “मुलगी हुशार आहे, पण कस्टमर व्हिजिटला पुढे उभी करायची तर जरा प्रेझेंटेबल पाहिजे.” तिचा रंग काळासावळा होता. जात, रंग आणि बाईपण यांपैकी एकाही गोष्टीचे नाव न घेता तिन्हींचा निकाल पाच मिनिटांत लागला. माझ्या टिपणात मी ‘उमेदवार तांत्रिकदृष्ट्या योग्य’ एवढेच लिहिले. त्याहून जास्त लिहिण्याचे धाडस मला तेव्हा झाले नाही, हेही कबूल करते.

तिला नोकरी मिळाली. सँड लॅबमध्ये. वाळूचे नमुने घ्यायचे, ओलावा आणि मजबुती मोजायची, आकडे फलकावर लिहायचे. तिच्याच तुकडीत लागलेली दुसरी मुलगी, जिच्या घराण्याला आमचे संचालक ओळखत होते, ती मार्केटिंगला गेली, साहेबांबरोबर पुण्याच्या ग्राहकांकडे जाऊ लागली आणि तिसऱ्या वर्षी परदेशातल्या प्रदर्शनातही कंपनीच्या दालनात उभी राहिली. त्या मुलीच्या गुणांबद्दल मला काहीच वाईट म्हणायचे नाही. तुकडीतला एक मुलगा मोल्डिंगला गेला, शिफ्ट इनचार्ज झाला आणि बाराव्या वर्षी प्लांटचा उपप्रमुख. फाउंड्रीत वरची वाट उत्पादनातून जाते आणि उत्पादनाची वाट रात्रपाळीतून. १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत कामावर ठेवायला मनाई केली होती. हेतू संरक्षणाचा, पण परिणाम असा की ज्या शिडीने प्लांट हेड होतात तिची पहिली पायरीच बाईसाठी नव्हती. अलीकडे अटी घालून ही मनाई शिथिल झाली आहे. तिच्यामुळे सगळ्याच बायका उत्पादनाबाहेर राहिल्या, हे खरे. पण बाहेर राहिलेल्यांपैकी मार्केटिंगच्या गाडीत कोण बसते आणि सँड लॅबमध्ये कोण राहते, हे कायद्याने ठरवलेले नव्हते. सात वर्षांनी ती मुलगी राजीनामा देऊन गेली. राजीनाम्यात कारण होते ‘घरगुती’. माझ्या फायलींत स्त्रियांच्या बहुतेक राजीनाम्यांवर तोच एक शब्द आहे.

साहेबांच्या बंगल्यावर संक्रांतीला हळदीकुंकू होत असे. अधिकाऱ्यांच्या पत्नी आणि महिला कर्मचारी यांना निमंत्रणे जात. हे वरवर पाहता घरगुती कार्य, पण पुण्याच्या शाखेत जागा निघणार आहे, नवा प्रकल्प कागलच्या पंचतारांकित वसाहतीत येणार आहे, त्यासाठी माणसे कोणती घ्यायची, अशा गोष्टी आधी तिथे कळत आणि आठवडाभराने नोटीस बोर्डावर. पाकिटांवरची नावे आमच्या विभागात टाइप होत. सलग नऊ वर्षे ती मी टाइप केली. माझ्या नावाचे पाकीट त्यांत नसे. कोणी अपमान केला नाही, कोणी वाकडे बोलले नाही. फक्त यादी दरवर्षी जुन्या यादीवरून काढली जाई.

२००९ मध्ये आमच्या विभागाचे प्रमुख सोडून गेले. चौदा महिने मी त्यांचे काम पाहिले. कामगार संघटनेशी तीन वर्षांचा वेतन करार झाला, त्याची एकूण एक परिशिष्टे मी तयार केली. त्यानंतर बाहेरून एक गृहस्थ आणून त्या खुर्चीवर बसवले. मी विचारायला गेले तेव्हा वरिष्ठ अगदी सौजन्याने म्हणाले, “मॅडम, कामात तुम्ही कुठेही कमी नाही. पण उद्या गेटवर चारशे कामगार जमले, तर ते तुमचं ऐकतील का?” त्या ‘तुमचं’मध्ये कोण होते, बाई की जात, हे मला आजतागायत कळलेले नाही. कळले असते तरी उपयोग नव्हता. बाई म्हणून गेले असते, तर आमच्याकडे दुसऱ्या एका विभागाची प्रमुख बाईच आहे, असे उत्तर आले असते. जातीची म्हणून गेले असते, तर खरेदी विभागाच्या उपप्रमुखांकडे बोट दाखवले असते; ते आमच्याच समाजाचे होते. दोन्ही उत्तरे खरी, आणि माझा प्रश्न तसाच शिल्लक. एमा डीग्राफनरीडचा खटला मी पुढे निवृत्तीनंतर वाचला, तेव्हा तो सेंट लुईसचा आहे की शिरोलीचा, असे मला क्षणभर झाले.

आपल्या कायद्याने काही केले नाही असे नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदणीकृत कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक स्त्री असणे बंधनकारक केले. मुदत जवळ आली तशी अनेक प्रवर्तकांना आपल्या पत्नीत, मुलीत आणि सुनेत संचालकपदाचे गुण दिसू लागले. ग्रामपंचायतीत सरपंचपती असतात, त्याची ही शहरी आवृत्ती. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ला ते कळले आणि एप्रिल २०१९ पासून बाजारमूल्याने पहिल्या ५०० व एप्रिल २०२० पासून पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांसाठी ही स्त्री स्वतंत्र संचालक असली पाहिजे, अशी दुरुस्ती आली. म्हणजे ‘कोणती बाई?’ हा प्रश्न नियामकाने एकदा विचारलेला आहे. तो नात्यापुरता विचारला आणि तिथेच थांबला.

त्याच्या पुढचे चित्र ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये २०१२ साली आलेल्या एका अभ्यासात दिसते. देशातल्या १,००० मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची आडनावांवरून छाननी करून अभ्यासकांनी दाखवले की सुमारे ९३ टक्के संचालक उच्च मानल्या जाणाऱ्या जातींचे, ३.८ टक्के इतर मागासवर्गीय आणि ३.५ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे होते. दाराशीच काय घडते ते त्याआधी २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी तपासले होते. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तेव्हा उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम आडनावाला सुमारे एक तृतीयांश निघाली. अभ्यासकांना आडनावांवरून अंदाज बांधावा लागतो, यातच सगळे आले. जिथे नोंद नसते तिथे अंदाज करावा लागतो, आणि अंदाज कोणत्याही संचालकाला बैठकीत उडवून लावता येतो.

कल्पना सरोज यांचे नाव या ठिकाणी नेहमी पुढे केले जाते. अकोला जिल्ह्यातून आलेल्या या बाईंनी डबघाईला आलेली कमानी ट्यूब्स हाती घेऊन उभी केली, त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण नीट पाहिले तर त्या कोणत्या कंपनीच्या पायऱ्या चढून त्या खुर्चीवर गेल्या नाहीत. बुडती कंपनी त्यांनी स्वतः सावरली. नोकरीच्या शिडीने तिथवर पोहोचलेली त्यांच्यासारखी बाई माझ्या डोळ्यांसमोर येत नाही, आणि असली तरी ती मला दाखवील असा कागद नाही, हे पुन्हा आलेच.

कोणी म्हणेल, कंपनीत जात नसते, तुम्ही ती कशाला आणता? या प्रश्नाला माझे उत्तर त्या फीच्या आकड्यात आहे. त्याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे आणि तो मला पटतो. अनेक मुली कार्यालयात आपली जात कळू नये म्हणून जपून बोलतात. नोंद ठेवायची म्हटली, तर त्यांच्यावरच शिक्का बसेल. म्हणून ही माहिती ऐच्छिक असावी, नावाशी जोडलेली नसावी, बंद राहावी आणि बाहेर फक्त बेरीज जावी. हे अवघड नाही. सरकारी कार्यालयांत बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे याची नोंदवही, कित्येक वर्षे ठेवली जाते. आपल्या जिल्हा परिषदेची आरक्षण सोडत निघते तेव्हा लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढून घेतात, आणि त्या चिठ्ठ्यांत ‘अनुसूचित जाती महिला’ असा स्वतंत्र प्रवर्ग असतो. म्हणजे हद्दीवर उभी असलेली बाई शासनाला ओळखता येते, तिच्यासाठी जागाही ठेवता येते. शिरोली नाक्यापर्यंत ओळखता येते. नाका ओलांडून वसाहतीत शिरले की येत नाही.

‘सेबी’ने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला आहे. त्यात कर्मचाऱ्यांपैकी स्त्रिया किती, दिव्यांग किती, संचालक मंडळावर आणि प्रमुख व्यवस्थापकीय पदांवर स्त्रिया किती, हे सारे भरावे लागते. त्या स्त्रियांपैकी अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास आणि अल्पसंख्याक समाजांतल्या किती, हा रकाना त्यात नाही. तो घालावा, आणि नुसत्या एकूण नोकरांसाठी न घालता प्रत्येक श्रेणीसाठी घालावा, एवढीच माझी मागणी आहे. एकूण आकडा दिला, तर आमच्या कोअर शॉपमध्ये ठेकेदाराकडून येणाऱ्या बायका मोजून कंपनी उत्तम गुण मिळवील. केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये येत्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचे जाहीर केले. घरोघर जाऊन विचारता येते, तर कंपनीच्या दारात विचारायला संकोच का वाटावा? खासगी उद्योगाने २००६ साली स्वेच्छेने सामाजिक समावेशाची आचारसंहिता स्वीकारली होती. मोजणी नसलेल्या स्वेच्छेचे काय होते, ते वर दिलेला २०१२ चा अभ्यास सांगतो.

इथे भंवरीदेवींची आठवण करून देणे मला आवश्यक वाटते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळापासून संरक्षण देणारा २०१३ चा कायदा आज प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला असतो. तो सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या १९९७ च्या विशाखा निकालातून आला, त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भटेरी गावची, कुंभार समाजातली, शासनाच्या योजनेत साथिन (गावपातळीवरची कार्यकर्ती) म्हणून काम करणारी ही बाई आहे. बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर गावातल्या वरचढ जातींच्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला आणि कनिष्ठ न्यायालयाने १९९५ मध्ये त्यांना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडले. मी आमच्या अंतर्गत तक्रार समितीवर सहा वर्षे होते. प्रशिक्षणाला मुंबईहून येणाऱ्या तज्ज्ञ बाई विशाखा निकालावर तासभर बोलत. भंवरीदेवींचे नाव एकदाच येई आणि त्यांची जात कधीच येत नसे.

राहिला प्रश्न कोल्हापूरचा. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. त्या जाहीरनाम्याचा शेवटचा भाग मात्र फार कमी जण वाचतात. हुकमाची अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून प्रत्येक खातेप्रमुखाने, त्या तारखेनंतर केलेल्या नेमणुकांचे तक्ते दर तीन महिन्यांनी सादर करावेत, असे त्यात बजावले आहे. महाराज त्या वेळी विलायतेत होते. आपल्या माघारी आपली माणसे हुकमाला मान डोलावतील आणि नेमणुका मात्र जुन्या यादीवरूनच करतील, हे त्यांना पक्के ठाऊक असणार. संस्थानी नोकरशाही आणि आमच्या साहेबांची संक्रांतीची यादी यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील उद्योजकांच्या संघटना दरवर्षी २६ जून रोजी, शाहू जयंतीला, दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याला हार घालतात. त्यांनी २६ जुलै ही तारीखही धरावी आणि त्या दिवशी आपल्या सभासद कंपन्यांतल्या पर्यवेक्षक पदापासून संचालकांपर्यंत प्रत्येक पायरीवर कोणकोणत्या समाजांतल्या किती स्त्रिया आहेत, याचा एक पानी तक्ता आपल्या दैनिकाकडे पाठवावा. त्यासाठी ‘सेबी’ची वाट पाहण्याची गरज नाही, असा तक्ता करायला आमच्या विभागातल्या कोणत्याही मुलीला एक दुपार पुरते. आपणही पुढच्या महिला दिनाच्या पुरवणीत तो छापावा. बहुतेक रकान्यांत शून्य आले, तरी छापावा.

एक विनंती. माझे पूर्ण नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे. तो कृपया प्रसिद्ध करू नये. छापला, तर वाचक आधी आडनाव वाचतील आणि मग पत्र, हे एकतीस वर्षे अर्जांची छाननी केल्यामुळे मला ठाऊक आहे. मी स्वतःही ती तशीच केली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मनुष्यबळ अधिकारी,
कोल्हापूर